घशाचा शेक, आवाजाची पेटी आणि कडक भाकरी

मी सोलापुरात एका रेडिएशन सेंटरला टेक्नॉलॉजिस्ट आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पेशंटला मशीनखाली झोपवणारा, तोंडावर मास्क चढवणारा आणि मग बाहेर येऊन स्क्रीनवर त्याच्याकडं बघत बटण दाबणारा माणूस मी. पण लोक डॉक्टरांना विचारायला बिचकतात आणि सगळं येऊन मलाच विचारतात, त्यामुळं घशातल्या आवाजाच्या पेटीच्या कॅन्सरबद्दल जे रोज दहादा तोंडी सांगतो ते एकदा लिहून टाकतो.

निमित्त अण्णांचं. खरं नाव नाही सांगत, आणि तसंही मार्केट यार्डात निम्मे लोक अण्णाच असतात. हे अण्णा कांद्याचे लिलाव पुकारायचे, म्हणजे हमालांचा आरडाओरडा, टेम्पोचे हॉर्न आणि खरेदीदारांची गर्दी यांच्या वरताण ज्याचा आवाज जातो तो माणूस. दिवाळीच्या सुमारास आवाज बसला. कांद्याचा सीझन, धूळ, टरफलं उडतायत, कुणाला त्यात काही वेगळं वाटणार. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गल्लीतल्या दवाखान्यात तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. होळी आली तरी आवाज काही उठेना, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली आणि स्वरतंतूच्या जरा वर डाव्या बाजूला गुळगुळीत, लालसर गाठ दिसली.

इथं पहिली गोष्ट. तीन आठवड्यांवर आवाज बसलेला असेल तर दुर्बिणीनं घसा बघून घ्या. पाच मिनिटांचं काम असतं, पण लोक पाच महिने लावतात.

आता ही पेटी म्हणजे नेमकं काय ते बघू. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, जो टणक भाग वर जाऊन खाली येतो तेच स्वरयंत्र. आपण त्याला आवाजाची पेटी म्हणतो, पण आवाज हा खरं तर तिचा जोडधंदा आहे. मूळ धंदा राखणदाराचा. श्वासाची नळी आणि अन्नाची नळी घशात शेजारी-शेजारी, आणि आपण घास गिळला की ही पेटी वर उचलली जाते, झाकण पडतं, आतले स्वरतंतू घट्ट मिटतात आणि घास मागच्या नळीत जातो. हे सगळं एका सेकंदाच्या आत, दिवसातनं शेकडो वेळा. ते चुकलं की ठसका. कायमचं बिघडलं की अन्नाचे कण फुप्फुसात, आणि मग न्यूमोनिया. स्वरतंतू पहिल्यांदा नीट बघितले तेसुद्धा एका गाण्याच्या मास्तरानं, मॅन्युएल गार्सिया नावाच्या, १८५४ साली, आरशावर ऊन घेऊन स्वतःच्याच घशात. मला हा किस्सा फार आवडतो.

या पेटीचे तीन मजले समजा. मधल्या मजल्यावर स्वरतंतू, तिथं बारीकसं काही उगवलं तरी आवाज लगेच बदलतो म्हणून तो कॅन्सर लवकर सापडतो. वरच्या मजल्यावरचा लपून बसतो, गिळताना टोचतं, कान दुखतो, कधी मानेत गाठ आल्यावरच कळतं. खालच्या मजल्यावरचा एकदम कमी, आणि तो बहुतेक वेळा दम लागल्यावर समजतो.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये शंभरातले नव्वदपेक्षा जास्त एकाच जातीचे असतात, आतल्या अस्तराच्या पेशींचे, ज्याला रिपोर्टमध्ये स्क्वॅमस लिहिलेलं असतं. बिडी, सिगारेट, त्यात दारू, हा त्याचा नेहमीचा रस्ता. उरलेले जे थोडे असतात ते मात्र प्रत्येक वेगळ्या जातीचे, आणि त्यातल्या एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला अजिबात चालत नाही. अण्णांनी आयुष्यात बिडी ओढली नाही. गाठीचा तुकडा काढून तपासला (बायोप्सी), त्याचा पहिला रिपोर्ट आला त्यात नुसतं कॅन्सरच्या पेशी आहेत, पुढच्या तपासण्या करा असं लिहिलेलं. त्या पुढच्या तपासण्या यायच्या आधीच एका ठिकाणी (जागेचं नाव सोडा) त्यांच्या पोराला सांगून टाकलं की पेटी काढायला लागेल, गळ्याला भोक पडेल, तारीख घ्या. पोरगं दोन दिवस जेवलं नाही.

पुढच्या तपासण्या म्हणजे काय, तर त्या गाठीच्या तुकड्यावर वेगवेगळे रंग चढवून बघतात की पेशीच्या अंगावर कुठला शिक्का आहे. कपड्याचं कापड कुठल्या मिलचं हे काठावरच्या छापावरनं ओळखायचे ना आपले जुने लोक, तसंच. अण्णांच्या पेशींवर सीडी १३८ नावाचा शिक्का निघाला आणि अस्तराच्या पेशींचे शिक्के निघाले नाहीत, म्हणजे ह्या अस्तराच्या पेशी नव्हत्याच, रोगप्रतिकाराचं काम करणाऱ्या प्लाझ्मा पेशी होत्या. एका जागी गोळा होऊन गाठ केलेल्या. ह्याला प्लाझ्मासायटोमा म्हणतात. हाडाबाहेर होणारे हे प्लाझ्मासायटोमा बहुतेक डोकं, नाक आणि घशाच्या भागातच होतात, पण त्यातही स्वरयंत्रात होणं विरळाच. आणि ह्या पेशी रेडिएशनला इतक्या भितात की ऑपरेशनची तारीख रद्द झाली.

भितात म्हणजे काय ते सांगतो. बहुतेक कॅन्सरच्या पेशी रेडिएशन लागल्या-लागल्या मरत नाहीत, त्यांच्या आतला डीएनए तुटतो आणि पुढं पेशी दुभंगायला गेली की त्या तुटक्या डीएनएमुळं कोसळते. प्लाझ्मा पेशी आणि लिंफोमाच्या (रोगप्रतिकाराच्या पेशींचाच आणखी एक कॅन्सर) पेशी एवढी वाट बघत नाहीत, डीएनए तुटला की बऱ्याचदा स्वतःच स्वतःला संपवतात. म्हणून कमी डोसमध्ये काम होतं. याच्या उलट टोकाला कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा कॅन्सर, कॉन्ड्रोसार्कोमा. तो पेटीच्या तळाच्या अंगठीसारख्या कूर्चेतून येतो, बहुतेक वेळा संथ, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारा, आणि त्याला रेडिएशन पटकन लागू पडत नाही, म्हणून तिथं पहिलं नाव ऑपरेशनचं, तेही शक्य तेवढी पेटी राखून. आणखी एक गंमत बघा, गंमत कसली म्हणा, पण न्यूरोएंडोक्राइन नावाचं एकच आडनाव असलेले काही भाऊ आहेत, त्यातला स्मॉल सेलवाला इतक्या लवकर अंगभर पसरतो की पेटी काढून काही मिळत नाही, त्याला केमो आणि रेडिएशन. मधल्या ग्रेडच्या दुसऱ्या एका भावाला रेडिएशनची फारशी फिकीर नाही, त्याला ऑपरेशन. अॅडेनॉइड सिस्टिक म्हणून एक लाळेच्या ग्रंथीवाला आहे, तो नसांच्या कडेकडेनं सरकतो आणि बऱ्याच वर्षांनी फुप्फुसात निघतो, तिथं ऑपरेशन करून वर रेडिएशन. सगळ्यांचा पत्ता एकच, घसा. जात वेगळी.

त्यामुळं पेटी काढायची का ठेवायची ही चर्चा जात कळल्याशिवाय सुरूच करू नका. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेला असतो त्याला ब्लॉक म्हणतात, आणि काचेच्या पट्ट्या म्हणजे स्लाइड. ते मागून घेता येतात आणि दुसऱ्या लॅबला दाखवता येतात. आपल्याकडचे कितीतरी लोक सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईला टाटाला ब्लॉक घेऊन जातात, ह्यात आपल्या डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नसतो, चांगले डॉक्टर स्वतःच सांगतात.

आता शेकाबद्दल. आपल्याकडं रेडिएशनला शेक म्हणतात, कोण लाईट म्हणतं, कोण करंट म्हणतं. तिन्ही नावं चुकीची आहेत पण मला शेकच आवडतो, ऐकायला मायेचा वाटतो. शेक म्हटल्यावर लोकांना वाटतं गरम लागणार, भाजणार. डोस ग्रेमध्ये मोजतात, एक किलो मांसात एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. पूर्ण ट्रीटमेंटचे ७० ग्रे एकदम दिले असं धरलं तरी तेवढ्या ऊर्जेनं तापमान एका डिग्रीच्या पन्नासाव्या भागाएवढंसुद्धा वाढत नाही! मे महिन्यात पार्क चौकातनं चालत आलात तर त्यापेक्षा लई जास्त शेकून निघाल. काम उष्णतेचं नाही, डीएनएचे धागे तोडायचं आहे.

मग एकदम का देत नाहीत, रोज थोडं-थोडं का? यंत्रमागावर धागा तुटला की कामगार गाठ मारतो आणि माग परत चालू होतो. चांगल्या पेशींमध्ये असे गाठ मारणारे कारागीर शाबूत असतात, आज तुटलेलं उद्यापर्यंत बरंचसं सांधून ठेवतात. कॅन्सरच्या पेशींमध्ये हे कारागीर अर्धवट, त्यांची तुटफूट साठत जाते. हे शहाणपण जगाला मिळालं तेसुद्धा ह्याच घशामुळं. पॅरिसमध्ये आंरी कूतार नावाच्या डॉक्टरांनी वाढलेला स्वरयंत्राचा कॅन्सर असलेल्या पेशंटना रोज थोडा-थोडा डोस दिला आणि १९२२ साली दाखवलं की असे लोक पेटी न काढता बरे होऊ शकतात. त्याआधी १८७३ ला व्हिएन्नात बिलरोथनं पहिल्यांदा कॅन्सरसाठी अख्खी पेटी काढली होती आणि बराच काळ तोच मोठा मार्ग होता.

नेहमीच्या स्क्वॅमसमध्ये स्वरतंतूवरचा अगदी लहान कॅन्सर असेल तर नुसत्या शेकानं दहातले साधारण नऊ जण तिथल्या तिथं बरे होतात. वाढलेल्यांसाठी दोन मोठे अमेरिकन अभ्यास आहेत. १९९१ साली ३३२ पेशंटचा आला, निम्म्यांची पेटी काढून नंतर रेडिएशन आणि निम्म्यांना आधी केमो मग रेडिएशन. दोन वर्षांनी दोन्हीकडं जगलेले सारखेच, ६८ टक्के, आणि दुसऱ्या गटात ६४ टक्के लोकांची पेटी जागेवर. २००३ च्या अभ्यासात केमो आणि रेडिएशन एकाच वेळी दिल्यावर दोन वर्षांनी ८८ टक्के लोकांची पेटी टिकली, नुसत्या रेडिएशननं ७० टक्के. हे आकडे स्क्वॅमसचे आहेत हां, विरळ जातींसाठी एवढे मोठे अभ्यास होतच नाहीत कारण तेवढे पेशंट एका ठिकाणी जमत नाहीत. अण्णांसारख्यांचा निर्णय लहान-लहान अनुभवांवर आणि पेशीच्या स्वभावावर होतो.

पण टिकली म्हणजे काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. गळ्यात पेटी आहे पण गिळता येत नाही, नाकातनं नळी, दर महिन्याला न्यूमोनिया, तर तिचं करायचं काय? आधीच कॅन्सर कूर्चा फोडून बाहेर आला असेल, पेशंटला पाणीसुद्धा ठसका लागल्याशिवाय जात नसेल, तर ऑपरेशन जास्त चांगलं, आणि ऑपरेशननंतर मुका होतो हेही खरं नाही. श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधी छोटा व्हॉल्व्ह बसवून लोक बोलतात, बेंगळुरूच्या डॉक्टरांनी तर पन्नासेक रुपयांत होणारा व्हॉल्व्ह काढलाय. म्हणून आवाज वाचवा एवढंच डॉक्टरांना म्हणू नका. मी जेवू कसा शकेन, श्वास कुठनं घेईन, हे पण विचारा.

अण्णांचं ठरलं ५० ग्रे, २५ शेक, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. त्याआधी कमरेच्या हाडातनं मॅरो (हाडातला मगज) काढली, रक्तातल्या प्रोटीनची पट्टी काढली (ह्या पेशी अंगात वाढल्या की त्यांचं प्रोटीन रक्तात दिसतं), सगळ्या अंगाचा पेट स्कॅन झाला, कारण हाच आजार अंगभर असला तर त्याचं नाव मायलोमा आणि मग सगळी गोष्टच वेगळी. सुदैवानं नव्हता. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसलं, हॉस्पिटलमध्ये योजनेच्या आरोग्यमित्राचं एक टेबल असतं तिथं आधी जा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन, बिल भरून झाल्यावर नाही.

मास्कच्या दिवशी अण्णा जाम घाबरलेले. जाळीदार पांढरा प्लॅस्टिकचा पत्रा असतो, गरम पाण्याच्या टबात टाकला की ओल्या चपातीसारखा लुळा पडतो, तो चेहऱ्यावरनं खांद्यापर्यंत ओढायचा आणि कडा टेबलाला अडकवायच्या. दहा-पंधरा मिनिटात तो त्या माणसाच्या नाका-हनुवटीच्या आकारात कडक होतो. श्वास घेता येतो, जाळी आहे. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, एकच करायचं, मशीन चालू असताना आवंढा गिळायचा नाही." ते म्हणाले, "अन् आलाच तर ओ?" तर हात वर करा, आम्ही थांबवतो. कारण आवंढा गिळला की पेटी दीड-दोन सेंटिमीटर वर सरकते आणि आपण मिलिमीटरवर नेम धरलेला असतो. तो मास्क घालूनच सीटी स्कॅन होतो, डॉक्टर त्या स्कॅनवर गाठ रंगवतात, लाळेच्या ग्रंथी, मणका, मानेतल्या रक्ताच्या मोठ्या नळ्या, गिळायचे स्नायू असं सगळं रंगवतात, आणि मग फिजिसिस्ट लोक काही दिवस बसून किरणं कुठनं किती सोडायची ते बसवतात. त्यात घाई करू नका असं मी सगळ्यांना सांगतो, "मशीन मोकळं आहे तर आजच चालू करा की" म्हणणारे रोज येतात.

पहिले दोन आठवडे काहीच होत नाही, पेशंटला वाटतं मशीन बंद आहे का काय. तिसऱ्या आठवड्यात अण्णा आले ते हातवारे करत. जो काही घोगरा आवाज उरला होता तोही गेला. अण्णांसोबत आलेल्या मावशी म्हणाल्या, "होता तोबी गेला की ओ भाऊ, हे कसलं वाचवणं?" हे जवळपास प्रत्येकाचं होतं. अस्तर सुजतं, घसा सोलवटल्यासारखा दुखतो, चव जाते, लाळ चिकट होते, मानेची कातडी काळवंडते. शेक संपल्यावरसुद्धा दोन-एक आठवडे वाढतं आणि मग महिन्या-दोन महिन्यात हळूहळू उतरतं. ह्याच काळात लोक ट्रीटमेंट मध्येच सोडतात, आणि मधी खाडे पडले की उरलेल्या पेशींना परत उभं राहायला सवड मिळते. स्क्वॅमसवाल्यांनी शेक चालू असताना बिडी ओढली तर गुणही कमी येतो, तरी आमच्या गेटाबाहेर रोज धूर असतोच.

आणि दुखतं म्हणून गिळणं बंद करू नका. हे मी कळवळून सांगतोय. गिळायचे स्नायू वापरले नाहीत की आखडतात आणि मग नळी निघाली तरी घास उतरत नाही. स्पीच थेरपिस्ट नुसतं बोलायला शिकवत नाहीत, गिळायचे व्यायाम तेच शिकवतात, आणि ते शेक सुरू व्हायच्या आधीपासून करायचे असतात, आवंढा गिळताना पेटी दोन सेकंद वर धरून ठेवायची वगैरे. अण्णांनी ज्वारीची अंबील, पातळ वरणभात, ताक, असं करत सगळे २५ दिवस तोंडानंच खाल्लं. वजन चार किलोनं उतरलं पण नाकात नळी लागली नाही. लांबच्या काळातलं एक ध्यानात ठेवायचं, मानेवर शेक झालेल्यांची थायरॉइड काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी मंदावू शकते. थकवा, सूज, वजन वाढणं. म्हणून सहा महिने-वर्षानं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करत राहायचं, ते गोळीनं सुधारतं पण तपासलं तरच. आणि अण्णांच्या जातीत प्रोटीनची पट्टी पण वर्षानुवर्षं, कारण यातल्या काहींना पुढं मायलोमा होतो.

परवा अण्णा वर्षाच्या तपासणीला आले. लिलाव आता पुतण्या पुकारतो, ते शेजारी बसून भाव ठरवतात, आवाज आहे पण जरासा खरखरीत, मोठ्यानं ओरडलं की संध्याकाळपर्यंत बसतो. पिशवीतनं स्टीलचा डबा काढला, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. "खा," म्हणाले, आणि माझ्याआधी स्वतःच एक तुकडा मोडून तोंडात टाकला. कडक भाकरी म्हणजे लाळ कमी असलेल्या माणसाची परीक्षाच. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होतो, सवयच लागली आहे. पेटी वर गेली, खाली आली. ठसका नाही. दुसऱ्या घासानंतर त्यांनी बाटलीतनं घोटभर पाणी घेतलं, तिसऱ्यानंतर परत. मग मी पिशवीत खाली राहिलेला टीएसएचचा रिपोर्ट मागून घेतला, कारण तो डॉक्टरांना दाखवायचा राहून गेला होता.